मोडलेला गिअर आणि सायकलचा इतिहास: शोध, प्रमाणीकरण व दुरुस्ती

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास शिकताना आपण बहुधा शोधांची यादी पाठ करतो. अमुक यंत्र कोणी, कुठे आणि कोणत्या वर्षी तयार केले, एवढे कळले की विषय संपला असे वाटते. पण यंत्र बाजारात आल्यावर ते वीस-तीस वर्षे वापरले जाते, बिघडते, दुरुस्त होते, त्याचे काही भाग बदलतात आणि काही काढून टाकले जातात. हा काळ शोधाच्या काळापेक्षा कितीतरी मोठा असतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की विसाव्या शतकातील तंत्रज्ञान समजून घ्यायचे तर नव्या शोधांइतकेच वापराकडे आणि देखभालीकडेही पाहिले पाहिजे.

या पाठात आपण ही दृष्टी एका छोट्या उदाहरणावर वापरून पाहणार आहोत. कामाला जाण्यायेण्याची एक जुनी सायकल आहे, तिचे गिअर मोडले आहेत आणि सुटे भाग मिळत नाहीत. मालक ती मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री गिअरची सगळी यंत्रणा उतरवतो, मागे एकच फ्रीव्हील बसवतो, चेन तोडून लहान करतो आणि सायकल पुन्हा चालू होते. भारतातील बहुतेक शहरांत हे काम होते. ते कशामुळे शक्य होते, आणि त्याला ‘मागे जाणे’ म्हणावे का, हे दोन प्रश्न या पाठाच्या केंद्रस्थानी आहेत.

1. गिअर म्हणजे नेमके काय?

जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने 1817 मध्ये तयार केलेल्या दुचाकीला पायडलच नव्हते. स्वार पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जाई. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल जोडले गेले. येथून गिअरचा प्रश्न सुरू होतो. पायडल थेट चाकाला जोडलेले असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरते. म्हणून वेग वाढवण्याचा मार्ग एकच, चाक मोठे करणे. 1870 च्या दशकातील उंच चाकाच्या सायकली यातूनच आल्या. पण चाक किती मोठे करायचे याला स्वाराच्या पायांच्या लांबीची मर्यादा होती. 50 ते 60 इंच व्यासाच्या पुढे जाणे कठीण, आणि एवढ्या उंचीवरून पडले तर दुखापत ठरलेली.

ही कोंडी चेनने फोडली. हान्स रेनॉल्ड याने 1880 मध्ये मँचेस्टर येथे रोलर चेन तयार केली. 1885 मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सेफ्टी सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची होती आणि मागचे चाक चेनने फिरत असे. 1888 मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर आणला. आजच्या सायकलचा सांगाडा या तीन गोष्टींवर उभा आहे.

चेनमुळे चाक लहान ठेवूनही मोठ्या चाकाचा परिणाम साधता येऊ लागला. हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते आणि चाक 28 इंची असेल, तर 44 भागिले 18, गुणिले 28, म्हणजे सुमारे 68 इंच. पायडलच्या एका फेऱ्यात ही सायकल 68 इंच व्यासाच्या उंच चाकाएवढे अंतर कापते. आजही गिअर मोजण्यासाठी हे ‘गिअर इंच’ वापरले जातात. उंच चाकाची सायकल नाहीशी झाली, पण तिचे माप मागे राहिले.

2. दोन वाटा: हबमधले गिअर आणि डिरेलर

सपाट रस्त्यावर 68 इंच सोयीचे असले तरी चढावर ते पायांना जड जातात आणि उतारावर अपुरे पडतात. एकाच सायकलवर अनेक गुणोत्तरे कशी मिळवायची, याची दोन उत्तरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली.

पहिले उत्तर इंग्लंडचे. नॉटिंगहॅम येथील रॅले कंपनीचा प्रमुख फ्रँक बाउडन याच्या पाठबळावर स्टर्मी-आर्चर हा तीन गिअरचा हब 1902-03 च्या सुमारास आला. यातील सर्व दातेरी चक्रे मागच्या चाकाच्या हबमध्येच बंद असतात. पाऊस, धूळ व चिखल आत शिरत नाही. पुढे 1930 च्या दशकात आलेला या कंपनीचा ‘एडब्ल्यू’ हब अनेक दशके बनत राहिला. त्याच्या खालच्या गिअरमध्ये मधल्या गिअरच्या तीन-चतुर्थांश आणि वरच्या गिअरमध्ये चार-तृतीयांश अंतर मिळते. वरच्या 68 इंचांच्या सायकलला असा हब बसवला तर 51, 68 आणि 91 इंच असे तीन गिअर होतात. या हबची एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याची तार तुटली, तर तो वरच्या गिअरमध्येच राहतो. सायकल थांबत नाही, पण कायमची जड होते.

दुसरे उत्तर फ्रान्समध्ये वाढले. सेंट-एटिएन येथील पॉल द व्हिव्ही हा ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत असे. डोंगराळ भागात सायकल फिरवणाऱ्या सामान्य माणसाला अनेक गिअर हवेतच, असा त्याचा आग्रह होता. मागे लहान-मोठी अनेक दातेरी चक्रे शेजारी शेजारी बसवायची आणि चेन एकीवरून दुसरीवर ढकलायची, ही डिरेलरची कल्पना. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘रुळावरून उतरवणारा’ असा आहे आणि यंत्रणा अगदी तेच काम करते. याउलट ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचा संस्थापक आन्री देग्राँज याला गिअर ही वयस्कर लोकांची सोय वाटे. त्यामुळे या शर्यतीत 1937 पर्यंत डिरेलरला मुख्य प्रवाहात स्थान मिळाले नाही. तोवर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची चक्रे लावत आणि घाटाच्या पायथ्याशी थांबून चाक उलटे करून बसवत. गिअर म्हणजे प्रगती, हे मत त्या काळी सर्वमान्य नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे.

सुरुवातीच्या डिरेलरमध्ये दांडा अंदाजाने सरकवावा लागे. चेन नीट बसेपर्यंत स्वार हाताने आणि कानाने जुळवून घेई. 1984 मध्ये शिमानो या जपानी कंपनीने आपल्या उच्च दर्जाच्या संचात ‘क्लिक’ करून नेमका गिअर पकडणारी पद्धत आणली आणि ती झपाट्याने सर्वत्र पसरली. वापरणाऱ्याचे काम सोपे झाले. पण हँडलवरचा दांडा, तार, डिरेलर आणि मागची चक्रे यांची मापे आता एकमेकांशी तंतोतंत जुळणे आवश्यक ठरले. पूर्वी एक भाग बिघडला तर कोणत्याही कंपनीचा तसाच भाग चाले. आता एकाऐवजी पूर्ण संच बदलण्याची वेळ येऊ लागली. चालवण्यातले कौशल्य कमी झाले आणि दुरुस्तीतली अडचण वाढली, असा हा व्यवहार होता.

3. भारतात रुजलेली बिनगिअरची सायकल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल भारतात आली ती आयात माल म्हणून. सुरुवातीला ती युरोपीय अधिकारी आणि सधन भारतीयांपुरती होती. पुढे कारकून, शिक्षक, टपालवाले, दूधवाले आणि कामगार तिच्याकडे वळले. विक्रीबरोबर दुरुस्तीचा व्यवसायही आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 मध्ये थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना चालवायला शिकवणे अशी कामे तेथे होत. याच घराण्याने पुढे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे बनवली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेत राइट बंधूंनी 1892 मध्ये डेटन येथे असेच सायकलचे दुकान काढले होते. त्या पिढीसाठी सायकल दुरुस्ती ही यंत्रविद्येची पहिली शाळा होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबई आणि पाटणा येथे देशी कारखाने सुरू झाले होते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी उत्पादनाला संरक्षण मिळाले. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स, आसनसोल येथे सेन-रॅले, सोनीपत येथे अ‍ॅटलस आणि 1956 मध्ये लुधियाना येथे हीरो सायकल्स, असे कारखाने उभे राहिले. 1950-51 मध्ये देशातील वार्षिक उत्पादन सुमारे 1 लाख सायकली होते. 1960-61 मध्ये ते सुमारे 10 लाखांवर गेले.

या कारखान्यांनी प्रामुख्याने एकच नमुना बनवला. तो म्हणजे इंग्लिश ‘रोडस्टर’. 28 इंची चाके, पुढे 32 व मागे 40 आरे, कॉटर पिनने बसवलेले क्रँक, सळयांचे ब्रेक, जाड नळ्यांची काळी फ्रेम आणि मागे एकच फ्रीव्हील. स्टर्मी-आर्चरसारखे हब असलेल्या आयात सायकली होत्या, पण थोड्या. बहुसंख्य भारतीयांनी जी सायकल ओळखली ती बिनगिअरची होती.

यामागची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. सायकल स्वस्त ठेवायची होती. तिच्यावर दुधाचे कॅन, बटाट्याची पोती, गॅसची टाकी किंवा डबलसीट माणूस जाणार होता. झारखंडमध्ये तर सायकलवर कोळशाची पोती लादून ती मैलोन् मैल ढकलत नेली जाते. तेथे सायकल ही चालवण्याची नव्हे, तर ओझे वाहण्याची गाडी बनते. अशा वापरात नाजूक यंत्रणा टिकत नाही. शिवाय गंगेच्या खोऱ्यात आणि किनारपट्टीच्या सपाट भागात गिअरची गरजही कमी होती. 2011 च्या जनगणनेत देशातील सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीतील मुलींसाठी सुरू केलेली सायकल योजना ज्या साध्या सायकलवर उभी राहिली, ती याच घराण्यातली होती.

4. प्रमाण मापे आणि मिस्त्री

रोडस्टर गावोगाव टिकली याचे मोठे श्रेय प्रमाणीकरणाला जाते. सायकलच्या चेनच्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतचे अंतर अर्धा इंच. फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसते त्यांचा व्यास सुमारे 1.37 इंच आणि इंचाला 24 आटे. ही मापे इंग्लिश सायकल उद्योगातून आली आणि भारतीय कारखान्यांनी तीच ठेवली. त्यामुळे लुधियानात बनलेले फ्रीव्हील चेन्नईत बनलेल्या सायकलला बसते. लुधियाना परिसरात सुट्या भागांचे शेकडो लहान उद्योग वाढले, ते या समान मापांच्या आधारावर.

मापे समान असल्यामुळे मिस्त्रीचे दुकान अगदी थोडक्या भांडवलात चालते. काही पाने, हातोडी, ऐरण, पंप, पंक्चर शोधायला पाण्याची परात, सोल्युशनची ट्यूब, छर्रे आणि ग्रीसचा डबा. आरे कमीजास्त ताणून चाकाचा ‘आउट’ काढणे हे त्याचे खरे कसब. मराठी शहरांत सायकलचे ‘ओव्हरहॉल’ हे ‘ओव्हरऑइल’ झाले. वरवर ही उच्चारातील चूक वाटेल. पण सगळे भाग सोडवून, रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस-तेल देऊन पुन्हा जोडायचे, या कामाला तो शब्द चपखल बसतो. परकी यंत्रणा स्थानिक कारागिरीत मुरल्याचा हा भाषिक पुरावा आहे. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून काम करताना ते शिकले जाते.

5. गिअर मोडतो तेव्हा

उदारीकरणानंतर शहरी बाजारात डोंगरी सायकलीच्या धर्तीच्या गिअरच्या सायकली वाढल्या. त्या वापरून जुन्या झाल्या तेव्हा त्या याच मिस्त्रीकडे आल्या. सर्वांत सामान्य बिघाड असा: सायकल उजव्या कुशीवर पडते आणि डिरेलर ज्या कानाला अडकवलेला असतो तो आत वाकतो. मग चेन घसरते, किंवा डिरेलर आऱ्यांत अडकून मोडतो. सारखे डिरेलर, दांडा आणि चक्रांचा संच मिळाला नाही, की एकगिअरी रूपांतराचा पर्याय उरतो.

या कामातला पहिला टप्पा म्हणजे मागची चक्रे. स्वस्त गिअर सायकलींत पाच-सहा-सात चक्रांचा गुच्छ हबवर आट्यांनी बसवलेला असतो. ते आटे बहुधा तेच जुने, 1.37 इंच आणि 24 चे. म्हणून गुच्छ सोडवला की त्याच जागी रोडस्टरचे साधे फ्रीव्हील बसते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या सायकलला शतकाच्या सुरुवातीचे माप उपयोगी पडते. शिमानोने 1978 मध्ये आणलेल्या ‘फ्रीहब’ पद्धतीत मात्र फ्रीव्हील हबचाच भाग असते. तेथे हा मार्ग बंद होतो आणि एक चक्र व आजूबाजूला रिंगा बसवून जागा भरावी लागते.

दुसरा टप्पा चेनचा. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते. तिची आतली रुंदी एक इंचाच्या 3/32 आणि साध्या सायकलच्या चेनची 1/8 असते. अरुंद चेन जाड दात्यांवर बसत नाही. म्हणून फ्रीव्हील बदलले की चेनही रुंद घ्यावी लागते. पुढचे आणि मागचे चक्र एका रेषेत आणावे लागतात, नाहीतर चेन उतरत राहते.

तिसरा टप्पा ताणाचा. डिरेलर चेन ताणूनही धरत असे. तो काढल्यावर हे काम कोण करणार? जुन्या फ्रेममध्ये मागच्या आसाची खाच आडवी असते, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते. नव्या फ्रेममध्ये खाच उभी असते, कारण ताणण्याचे काम डिरेलरवर सोपवलेले असते. अशा फ्रेमवर स्वतंत्र ताणणारी कप्पी लागते. म्हणजे फ्रेम बनवणाऱ्याने पुढे कोणती दुरुस्ती गृहीत धरली आहे, हे त्या खाचेवरून वाचता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वस्तूकडे साधन म्हणून पाहायचे ते असे.

शेवटी गुणोत्तर निवडायचे. पुढे 42 दाते, मागे 18 आणि 26 इंची चाक, असे धरले तर सुमारे 61 इंच येतात. रोडस्टरपेक्षा हे थोडे हलके आहे आणि शहरातल्या वापराला पुरते. पण मूळ सायकलच्या मागच्या गुच्छात 14 ते 28 दाते असतील, तर तिच्यावर 39 पासून 78 इंचांपर्यंत पल्ला होता. रूपांतरात नेमके काय गमावले, ते या आकड्यांत दिसते.

6. एकाच कृतीचे दोन अर्थ

2000 च्या दशकात न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन अशा शहरांत जुन्या शर्यती सायकलींचे गिअर काढून त्या एकगिअरी करण्याची फॅशन आली. तिची मुळे तेथील कुरिअर सायकलस्वारांच्या वापरात होती. पुढे साधेपणाची आवड आणि शहरी राहणीमानाची ओळख म्हणून ती पसरली. कंपन्यांनी कारखान्यातूनच अशा सायकली विकायला सुरुवात केली.

भारतातील मिस्त्री तांत्रिकदृष्ट्या तेच काम करतो. पण त्याच्या गिऱ्हाइकाने साधेपणा निवडलेला नसतो. त्याला उद्या कामावर पोहोचायचे असते आणि गिअरचा नवा संच परवडत नसतो किंवा मिळत नसतो. एकाच तांत्रिक कृतीचा सामाजिक अर्थ कोण, कुठे आणि कोणत्या पर्यायांतून ती करतो यावर ठरतो. म्हणून ‘भारतीय जुगाड’ असे कौतुक करून थांबणे पुरेसे नाही. रूपांतर झालेल्या सायकलवर चढ चढताना जड पायडल मारणारा माणूस त्या कौतुकाची किंमत स्वतःच्या गुडघ्यांनी देतो. वयस्कर माणूस, ओझे वाहणारा विक्रेता किंवा घाटाजवळच्या गावातली विद्यार्थिनी यांच्यासाठी 39 इंचांचा हलका गिअर ही चैन नव्हती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रूपांतर झाले नसते तर ती सायकल भंगारात गेली असती. यंत्राचे आयुष्य वाढवण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न आज मोबाइल आणि ट्रॅक्टरच्या बाबतीतही विचारला जातो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. तिच्यासमोर शेतीची उपकरणे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे होती. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि समान मापे यांची जी मागणी आज होते, ती रोडस्टरच्या बाबतीत कोणत्याही कायद्याशिवाय बऱ्याच अंशी पूर्ण झालेली होती.

समारोप

गिअर मोडलेली सायकल एकगिअरी होते तेव्हा काळ मागे जात नाही. तीन वेगवेगळ्या काळांतले तंत्रज्ञान त्या एका वस्तूत एकत्र येते: एकोणिसाव्या शतकातली चेन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आटे आणि त्याच शतकाच्या अखेरची फ्रेम. कोणता भाग टिकेल हे केवळ त्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही. त्याचा सुटा भाग जवळ मिळतो का, त्याचे माप सर्वांना ठाऊक आहे का आणि तो दुरुस्त करणारा हात गावात आहे का, यावरही ठरते. डिरेलर हा उत्तम शोध होता आणि आहे. तो भारतीय रस्त्यावर टिकवायचा तर त्याचे सुटे भाग आणि त्याचे कसब मिस्त्रीच्या दुकानापर्यंत पोहोचावे लागेल. तोवर रूपांतर होत राहील, आणि त्याचा फायदा-तोटा दोन्ही सायकलवाल्याच्या वाट्याला येईल.

स्वाध्याय

1. उंच चाकाच्या सायकलची मर्यादा चेनमुळे कशी दूर झाली? ‘गिअर इंच’ या मापाच्या आधारे स्पष्ट करा.
2. ‘क्लिक’ पद्धतीच्या गिअरमुळे वापर सोपा व दुरुस्ती अवघड झाली, या विधानाची चर्चा करा.
3. स्वातंत्र्योत्तर भारतात बिनगिअरची रोडस्टर प्रमुख नमुना ठरण्यामागची आर्थिक, भौगोलिक व सामाजिक कारणे लिहा.
4. आपल्या परिसरातील एका सायकल मिस्त्रीची त्यांच्या संमतीने मुलाखत घ्या. गेल्या काही वर्षांत कोणते सुटे भाग मिळेनासे झाले, कोणती कामे वाढली आणि ते हे काम कोणाकडून शिकले, याची नोंद करा. गिअरच्या सायकलीचे पुढचा-मागचा दाता मोजून रूपांतराआधीचे व नंतरचे गिअर इंच काढा.